लाल रंगाला बंदी

"भोंग्या, हळू बोल!"

"हळूच तर बोलतोय!" भोंगा म्हणाला, आणि पायपुसण्यावर झोपलेलं मांजर दचकून पळालं.

पिटुकली, भोंगा आणि ढापण्या घड्याळजी आजोबांच्या दुकानाबाहेर उभे होते. सुट्टी लागून आठ दिवस झाले होते. केवढे बेत होते या सुट्टीचे! पिटुकलीची ताई तिघांना पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाचे बॉल झाडायचा खेळ, शिकवणार होती. आता मात्र ताई खोलीच्या बाहेर येत नव्हती, धड जेवत नव्हती.

झालं होतं ते फार वाईट. गेल्या रविवारी समोरच्या मैदानावर अंतिम सामना होता. ताई कर्णधार. सामना संपत आलेला असताना मैदानातून एक बॉल उडाला आणि दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या आजोबांच्या उजव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला तो गेलाच. भिंग लावून घड्याळं उघडायचा तोच डोळा होता. आणि ताईचा शेवटचा नेम नेमका त्याच दिशेला होता.

वर्तमानपत्रात मथळा आला, 'खेळाच्या नावाखाली गोळीबार'. शेजारच्या काकू जिन्यात पुटपुटल्या, "मुलीच्या जातीला बंदुका कशाला हव्यात?"

एरवी ताई त्यांना सोडती ना! "बंदूक नाही काकू, मार्कर! बॉलमध्ये रंग असतो, पाण्याने धुतला जाणारा. गॉगलशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर येताना नळीला टोपी घालायची. आणि रंग लागला की हात वर करून आपणहून बाहेर जायचं. पुसून लपवलं तर त्याच्याइतका लबाड कोणी नाही!" हे पालुपद घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. काल मात्र आई खोली आवरत होती, तर ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ती बंदूक टाकून दे कुठेतरी."

ताईने स्वतः बंदूक म्हटलं!

आज पाच वाजता मैदानावर समितीची बैठक होती. ताईला कायमचं खेळातून काढणार, असं सगळे म्हणत होते.

"चला," पिटुकली म्हणाली. "माफी तर मागू या."

दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळीच वेळ होती. आठवडाभर कोणी किल्ली दिली नव्हती. आजोबा कोपऱ्यात डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. त्यांच्या सूनबाई मात्र पिटुकलीला पाहताच उसळल्या.

"कशाला आलात? हे बघायला?" त्यांनी पिशवीतून आजोबांचा सदरा काढून पुढ्यात टाकला. "रक्त आहे हे, रक्त! समितीला दाखवणार आहे आज!"

पिटुकलीने मान खाली घातली. तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ढापण्या मात्र चष्मा सावरत सदऱ्यावर वाकला.

"काकू, हे रक्त नाही."

"अक्कल पाजळू नकोस!"

"खरंच! हा माझा रुमाल बघा. मी सायकलवरून पडलो त्याच दिवशीचा." रुमालावरचा डाग चहासारखा तपकिरी पडला होता. "रक्त वाळलं की असं होतं. सदरा तर अजून लालभडक आहे!"

सूनबाईंनी स्वतःच बोट ओलं करून डागावर घासलं. रंग विरघळून बोटावर आला.

"अगं बाई! हा तर रंग!"

पिटुकलीने मान वर केली. लाल! "काकू, ताईच्या सामन्यात सगळे बॉल पिवळे होते! नियमच आहे तसा. लाल रंगाला बंदी असते, रक्तासारखा दिसतो म्हणून!"

"मग हा लाल आला कुठून?" भोंगा गरजला. एक बंद घड्याळ त्या आवाजानेच टिकटिकायला लागलं, असं ढापण्या पुढे कित्येक दिवस सांगत असे.

पाचला दहा कमी असताना तिघं मैदानावर पोहोचले. मागोमाग सूनबाई आजोबांना घेऊन आल्या. तंबूत समिती जमली होती. ताई आईशेजारी खाली मान घालून बसली होती. तंबूला लागूनच मैदानाच्या मालकाची खोली. सगळे बॉल तिथूनच मिळत. पिटुकलीने भोंग्याच्या कानात काहीतरी सांगितलं. भोंग्याचा चेहरा खुलला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी ओरडायला सांगत होतं!

"मालककाका! माझा वाढदिवस आहे! लाल बॉल मिळतील का?"

"अरे, केवढ्याने ओरडतोस!"

"काय? मला कमी ऐकू येतं! मोठ्याने बोला!"

मालकांनी तंबूकडच्या खिडकीकडे पाहिलं, पण गिऱ्हाईक घालवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी आवाज चढवला. "मिळतील! सामन्यात चालत नाहीत, वाढदिवसाला चालतात!"

"काय? याआधी कोणाला दिलेत का?"

"दिलेत की! गेल्या रविवारीच! सामन्याच्याच वेळी, रस्त्याकडच्या पट्टीवर एका वाढदिवसाची पोरं खेळली लाल बॉलने!"

"आणि जाळी? आई म्हणते जाळी पाहिजे!"

"आहे रे बाबा जाळी! त्या दिवशी तेवढी धुवायला काढली होती! आता लावलीय!"

तंबूतल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मालक खिडकीतून वाकले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. समितीच्या अध्यक्षीणबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

पुढचं सगळं भराभर झालं. सूनबाईंनी सदरा दाखवला. पंचांनी नियम वाचून दाखवला. मालकांनी हात जोडले आणि उपचाराचा भार उचलतो म्हणाले. मैदानाला टाळं लागलं. "शाबास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. आईने तिघांना एकदमच कवेत घेतलं. "कर्णधार निर्दोष आहे," अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं.

टाळ्या वाजल्या. पिटुकलीने ताईकडे पाहिलं. आता ती हसेल!

ताई उठली आणि तिने हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर. रंग लागलेला खेळाडू करतो तसा.

टाळ्या थांबल्या.

"मी ऐकलं होतं," ताई म्हणाली. "आजोबा ओरडले ते मी ऐकलं होतं. तीस सेकंद उरले होते. मी थांबले नाही. समोरच्या संघाचा झेंडा घेऊन पळाले, आणि जिंकले."

बॉल ताईचा नव्हता, तरी आठवडाभर ताई हेच गिळून बसली होती. आणि यावर शोधून काढण्यासारखं काहीच नव्हतं.

आजोबा काठी टेकत पुढे आले.

"तीस सेकंद फार असतात, पोरी," ते म्हणाले. "मी घड्याळजी आहे. मला ठाऊक आहे."

"हो, आजोबा."

"त्या वेळात तू आली असतीस, तरी डोळा काही वाचला नसता. पण मी दारातच डोळा धरून खाली बसलो होतो गं, एकटाच. कोणीतरी यावं असं फार वाटत होतं."

ताई हमसून हमसून रडायला लागली. हात मात्र तिने खाली घेतला नाही. आजोबांनी तो धरायला आपला हात पुढे केला, पण एका डोळ्याने अंतर कळेना. हात वीतभर अलीकडेच थांबला आणि हवेत चाचपडू लागला.

तेव्हा ताईने हात खाली आणला आणि त्यांच्या हातात दिला.