अंगठ्याचा ब्रश

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे खरं घडलेलं आहे. देवश्री माझी सख्खी मावसबहीण. रायपूरला, तेलीबांधा तलावासमोरच्या ऑफिसात तिच्यासोबत हे झालं. तेही रात्री-बेरात्री नाही... भर दुपारी.

देवश्री कॉम्प्युटरवर गेमसाठी माणसं घडवते. मातीऐवजी पडद्यावरचा गोळा आणि बोटांऐवजी ब्रश. कोणता ब्रश गाल फुगवतो, कोणता सुरकुती ओढतो, हे तिला झोपेतून उठवून विचारा. ऑफिसात तिचाच शब्द चालायचा.

मग अनिमेष आला.

कालचा पोट्टा. पण त्यानं घडवलेला चेहरा आता बोलेल असं वाटायचं. सकाळी हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायलाही हा तिच्या आधी हजर. त्याची सगळी करामत एका ब्रशात होती. खऱ्या मातीत स्वतःचा अंगठा दाबून, त्या ठशाचा फोटो घेऊन त्यानं तो बनवला होता. देवश्रीनं तो एकदा त्याच्याकडे मागून पाहिला.

तो हसला. "दीदी, दुसरं काही बी मांगा. हा तर माझा हातच हाय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात निरंजन भैयांनी, म्हणजे त्यांच्या साहेबांनी, एका म्हातारीचं पात्र अनिमेषलाच दिलं. ते पास झालं की टीमचा लीड तोच. ज्या खुर्चीसाठी देवश्री इतकी वर्षं राबली, ती खुर्ची.

म्हातारीचा नुसता गोळा तयार झाला, आणि सिलतराच्या रस्त्यावर अनिमेषला ट्रकनं उडवलं.

तेरवी झाल्यावर काम देवश्रीकडे आलं. सगळे खाली जेवायला गेले होते. तिनं अनिमेषचा कॉम्प्युटर उघडला आणि तो ब्रश उचलला.

म्हातारीच्या उजव्या गालावर हलकेच फिरवला...

डाव्या गालावरही सुरकुती उठली.

सिमेट्री चालू राहिली असेल, तिला वाटलं. ती चालू असली की एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप उमटतं. तिनं नीट पाहिलं.

सिमेट्री बंद होती.

तिनं पुन्हा एक रेघ ओढली. डावीकडे पुन्हा उठली... पण तिची नाही. तिच्याहून बारीक. तिच्याहून खरी.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. देवश्रीला राग आला. मेल्यावरही हा माझ्या पुढंच?

"आता तरी काहून नाही सोडत रे?" ती मोठ्यानं म्हणाली.

एसीची घरघर थांबली.

तिनं ब्रश फिरवायचं पेन टेबलावर ठेवलं. हात मांडीवर घेतले.

डावा गाल... कोरला जातच राहिला.

तिनं अनडू दाबलं. तिच्या रेघा पुसल्या गेल्या. त्याच्या तशाच राहिल्या. दाबत गेली, दाबत गेली. शेवटी उजवा गाल कोरा उरला आणि डावा हसत होता.

तिनं तो ब्रश कायमचा डिलीट केला. उजवा गाल आपल्या जुन्या ब्रशांनी पुरा केला आणि काम पाठवून दिलं.

म्हातारी पास झाली. देवश्री लीड झाली. निरंजन भैयांनी डाव्या गालावर बोट ठेवून कौतुक केलं, की अनिमेषची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम सगळ्यांच्या आधी ऑफिसला पोचली. हजेरीच्या मशीनवर अंगठा टेकवला.

पडद्यावर नाव आलं...

अनिमेष.

मशीनवाल्यानं येऊन त्याचं नाव काढून टाकलं. नवं मशीन बसवलं. तिचा अंगठा लागला की नाव तेच.

आता ती सही करून हजेरी लावते. परवा आमच्याकडे आली, तेव्हा उजवा अंगठा मुठीत दाबून बसली होती. मी तिच्या नव्या कामाचं कौतुक केलं. ते तिनं ब्रश डिलीट केल्यानंतरचं, अगदी पहिल्यापासून तिचं स्वतःचं काम होतं.

तिनं मान खाली घातली.

"तारीफ तर होऊन राहिली," ती म्हणाली, "पण कोणाची... ते मले कळत नाही."