शिक्का नसलेली कार्डं

डिसेंबरच्या सत्तावीस तारखेला, दुपारचं जेवण आटोपल्यावर, फुमिए संत्र्यांची जाळी आणि दोन रिकाम्या पिशव्या घेऊन बसने मैत्रिणीच्या घरी निघाली. मैत्रीण, हात्सुए, ऑक्टोबरातच गेली होती. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधीही उरकले होते. तिची धाकटी बहीण किनुको घर रिकामं करायला साप्पोरोहून आली होती आणि तिने फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या त्या क्लबचं काय असेल ते घेऊन जा बाई, नाहीतर मी सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकणार." काम एवढंच. भीतीबिती वाटावी असं त्यात काहीही नव्हतं.

दोघींचं मुरोरान म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांचं गाव. शुजी कुनिएदा तिथल्याच एका भट्टीवाल्याचा मुलगा. त्याच्या 'हाइमात्सु' बँडने १९७९ साली गावातल्या सभागृहात पहिला कार्यक्रम केला, तेव्हा पहिल्या रांगेत शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली बसल्या होत्या, हात्सुए आणि फुमिए. शुजीचा आवाज खरखरीत, पण वरच्या पट्टीत गेला की ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा. घरी परतताना दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. आठवड्याभरात हात्सुएच्या माडीवर चाहत्यांचा क्लब सुरू झाला. हात्सुए सभासद क्रमांक एक, फुमिए क्रमांक दोन.

पुढे बँड टोकियोला गेला, मोठा झाला, फुटला, पुन्हा जमला, ड्रमवाला तीनदा बदलला. या दोघी जागच्या हलल्या नाहीत. नऊ वर्षांपूर्वी शुजी घशाच्या कॅन्सरने गेला. तरीही दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला उरलेले एकोणीस सभासद भर दुपारी कराओकेची खोली घ्यायचे, एक माइक चालू करून रिकाम्या खुर्चीवर ठेवायचे, आणि त्याच्या वाटचं कडवं कुणीही गायचं नाही. धून वाजत राहायची, सगळे माना खाली घालून बसायचे. हसू नका हो. ज्याने असा कुणावर जीव लावला नाही, त्याला हे कळायचं नाही.

आता कार्डांचं सांगतो. नव्या वर्षाच्या कार्डांवर टपालवाले शिक्का मारत नाहीत. एक जानेवारीच्या सकाळी गठ्ठा दारात येतो, पण कुठलं कार्ड कुठल्या गावाहून टाकलं ते कुणाला कळत नाही. क्लबच्या जुन्या सभासदांना शुजी दर वर्षी असं एक कार्ड पाठवायचा आणि त्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायचा. फुमिएकडे अशी सदतीस कार्डं होती, आणि ही बाई त्या ओळींवर जगली.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी ओळ आली, 'दमलेल्या हातांनाच कढत चहा गोड लागतो.' फुमिएने तीन वर्षं आईचं सगळं केलं, हूं की चूं केलं नाही. १९८५ च्या अखेरीस भूगोल शिकवणारा इशिगुरो नावाचा एक साधा, सरळ माणूस तिला लग्न करून सेंदाईला नेतो म्हणत होता. तिचाही जीव त्याच्यात गुंतला होता. तेव्हा ओळ आली, 'किनाऱ्यावर कुणीतरी थांबलेलं असतं, म्हणून तर बोट परत येते.' फुमिए थांबली. इशिगुरो एकटा गेला. मग वाचनालयातली नोकरी, एकटीचं घर, एकटीचं ताट. पण तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. शुजीने सांगितलंय ना, मग झालं!

त्याला तिच्या घरातलं कळायचं कसं? ती पत्रं लिहायची. गायकाच्या घरी थेट पत्र टाकून त्याला छळायचं नाही, असा क्लबचा नियमच होता. सगळ्यांची पत्रं हात्सुएकडे जमा व्हायची आणि ती एका पाकिटात घालून पाठवायची.

किनुकोने दार उघडलं ते हातात झाडू घेऊनच. "या फुमिएसान. पायरी सांभाळा, बर्फ गोठलाय. ताईच्या मागोमाग तुम्हालाही रवाना केल्याचं पाप माझ्या माथी नको."

फुमिएने हात्सुएच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले. किनुको चहा ओतताना बोलतच होती. "शुजी गेला तेव्हा मला खरंच प्रश्न पडला होता, समाचाराला त्याच्या बायकोकडे जायचं की तुम्हा दोघींकडे! रडून रडून डोळ्यांचे नुसते टोमॅटो केले होतेत तुम्ही."

"त्याच्या बायकोपेक्षा आम्हीच जास्त रडलो असू," फुमिए हसून म्हणाली.

"ते काय सांगायला हवं? बरं, मी ताईचे कपडे आणि तिचे ते जाड लोकरी मोजे मंदिरात देऊन येते. अर्ध्या तासात आलेच. सगळं माडीवर आहे. घ्या काय हवं ते."

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला आणि घर गप्प झालं. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि त्या पांढऱ्या उजेडात माडीवरची खोली रोजच्यापेक्षा मोठी वाटत होती. फुमिएने जुने अंक पिशवीत भरले, सभासदांची वही भरली. मग टेबलाचा खालचा खण ओढला. तो अडकत होता, म्हणून तिने जोर लावला.

आत कागदांची चळत होती. वरच्याच कागदावर एक ओळ वीसेक वेळा लिहिलेली होती. 'किनाऱ्यावर कुणीतरी थांबलेलं असतं.' वरच्या ओळी चाचपडत लिहिलेल्या, खालच्या सफाईदार, आणि शेवटच्या तीन... शेवटच्या तीन हुबेहूब शुजीच्या. तेच डावीकडे कललेलं देखणं अक्षर. त्याखाली दुसरा कागद, दुसरी ओळ. कढत चहाची. तिसरा. चौथा. सदतीस वर्षांचा सगळा सराव तिथे होता.

आणि त्याखाली होती तिची पत्रं. एकही पुढे गेलेलं नव्हतं. सगळी पाकिटं सुरीने नीट कापून उघडलेली, आतली पत्रं लाल पेन्सिलने खुणा करत वाचलेली. १९८५ च्या डिसेंबरातलं पत्र तिने उलगडलं. 'इशिगुरो मला सेंदाईला बोलावतोय, मी काय करू?' या वाक्याखाली लाल रेघ होती. बाजूला समासात हात्सुएने आपल्या नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जाऊ द्यायचं नाही.'

शुजीला फुमिए माहीतच नव्हती. तिची आई, तिचा इशिगुरो, तिचं थांबणं, यातलं काहीही त्याच्या कानावर कधी गेलं नव्हतं. ती ज्याच्या शब्दाखातर थांबली त्याने तो शब्द उच्चारलाच नव्हता. शेजारी बसून चहा पिणाऱ्या, हातात हात घालून रडणाऱ्या मैत्रिणीने केसाने गळा कापला होता, आणि तोही दर वर्षी, न चुकता, सुंदर अक्षरात.

"का गं?" ती मोठ्याने म्हणाली. "काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. आतल्या खोलीतून. खर्र... खर्र... कागदावर टाक चालावा तसा. मधेच थांबायचा, दौतीच्या काठावर टाक टेकल्याची बारीकशी किणकिण व्हायची, की पुन्हा खर्र...

"किनुकोसान...?"

आवाज थांबला. खाली दार वाजलेलं नव्हतं. गाडी आलेली नव्हती. मग पुन्हा सुरू झाला, या वेळी सावकाश, शेवटची ओळ जपून लिहावी तसा. शाईचा ओला, आंबूस वास दाराच्या फटीतून येत होता.

फुमिएचा राग भीतीहून मोठा होता. तिने सरकतं दार खाडकन बाजूला केलं.

खोलीत कुणी नव्हतं. बुटक्या टेबलाशी एक उशी होती आणि तिला मधोमध खोलगा पडला होता. तिच्या देखत तो हळूहळू भरून वर आला. टेबलावर नव्या वर्षाचं एक कार्ड होतं, येतं वर्ष घोड्याचं म्हणून घोड्याचं चित्र छापलेलं. वरच्या बाजूला फुमिएचं नाव आणि पत्ता, शाई अजून चकाकत होती.

"हात्सुए..." ती दारातूनच म्हणाली. "अजून... अजून पोट भरलं नाही तुझं?"

कार्डामागे काय लिहिलंय ते तिने पाहिलं नाही. पत्रं तेवढी छातीशी धरून ती जिना उतरली. खाली किनुको बूट काढत होती.

"काय हो, तोंड असं पांढरं का पडलंय?"

"वर... तुम्ही वर कार्डं लिहीत होतात का? नव्या वर्षाची?"

"मी? काहीतरीच काय! घरात माणूस गेलंय, या वर्षी या घरातून एकही कार्ड जायचं नाही. कोरी होती ती मी परवाच शेजारणीला देऊन टाकली." किनुकोने तिच्या हाताकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "सापडली वाटतं पत्रं. मी एकदा विचारलं होतं हो ताईला. म्हणाली, ती गेली तर मी कुणाबरोबर ऐकू त्याची गाणी?"

पिशव्या माडीवरच सोडून फुमिए बस थांब्याकडे चालू लागली.

घरी येऊन तिने सदतीस कार्डं जमिनीवर मांडली. एक तरी खरं असेल, एक तरी त्याचं असेल, म्हणून भिंग घेऊन तिने दोन दिवस काढले. एकही नव्हतं, प्रत्येकावर सरावाच्या कागदांवरचंच वळण होतं. मग तिची तळपायाची आग मस्तकात गेली. कार्डं, तबकड्या, कार्यक्रमांचे टॉवेल, भिंतीवरचा शुजीचा मोठा फोटो, सगळं तिने कचऱ्याच्या दोन पिशव्यांत कोंबलं. कचऱ्याची गाडी आता चार जानेवारीलाच येणार होती. तिने पिशव्या मागच्या दाराबाहेर बर्फात ठेवल्या आणि कडी लावली. भिंतीवर फोटोच्या जागी एक चौकोनी उजळ डाग राहिला. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या घरात एकटं वाटलं.

एक जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास टपाल आलं. रबर लावलेला छोटासा गठ्ठा. दाताच्या डॉक्टरचं कार्ड, भाच्याचं, वाचनालयातल्या जुन्या सहकारिणीचं. चौथ्या कार्डावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं.

ते अक्षर कललेलं नव्हतं, देखणं नव्हतं. मोठं, वेडंवाकडं, मुठीत पेन धरून लिहिल्यासारखं.

'फुमिए, मला बाहेर का ठेवलंस? इथे फार गार आहे. दार उघड.'

तिने ते उभ्या उभ्या चारदा वाचलं. हात्सुएचं अक्षर आता तिने डोळे मिटूनही ओळखलं असतं. तिचं स्वतःचं बारीक अक्षर आणि तिने घडवलेलं ते खोटं देखणं अक्षर, दोन्ही. हे त्यातलं नव्हतं. मग हे कुणाचं?

शुजी मेलाय हे तिला माहीत होतं, ती काही वेडी नव्हती. अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याच्या मागून जे आलं ते फार मोठं होतं. त्याने लिहिलं. शेवटी त्याने लिहिलं! त्याला माहीत आहे मी कोण ते. आणि मी काय केलं? फसवलं हात्सुएने, आणि मी त्या बिचाऱ्याला कचऱ्यात काढून ठेवलं. त्याचा काय दोष होता?

ती धावत मागच्या दाराशी गेली. कडी काढली. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं, नुसता पांढरा उजेड आणि बर्फाखाली अर्ध्या बुडालेल्या दोन पिशव्या.

"ये," ती म्हणाली, रोज कामावरून परतणाऱ्या घरच्या माणसाला म्हणावं तशी. "चुकलं माझं... ये, आत ये."

तिने पिशव्या ओढत आत आणल्या. फोटो पुसला, पुन्हा खिळ्याला लावला. मग ओलसर झालेली कार्डं घेऊन कोतात्सूपाशी बसली. ते खाली शेगडी असलेलं बुटकं टेबल, भोवती जाड रजई. पाय रजईखाली घालून ती एकेक कार्ड टेबलावर वाळत ठेवू लागली. तिला रडू येत होतं, आणि फार दिवसांनी बरंही वाटत होतं. मागचं दार तिने लावलं होतं की नाही, ते आठवत नव्हतं.

समोरच्या बाजूची रजई किंचित उचलली गेली.

फुमिएचा हात कार्डावर तसाच राहिला. तिने वर पाहिलं नाही. रजई पुन्हा खाली बसली, आत कुणीतरी पाय लांब केल्यावर बसते तशी. तिने श्वास धरला. मनातल्या मनात ती त्याचं नाव घेत होती.

आणि मग तिच्या उबदार पायांना दोन गारठलेले पाय टेकले. ते लहान होते, बाईमाणसाचे, जाड लोकरी मोज्यांतले. ऊब लागली तसे ते हळूहळू सैल झाले आणि तिच्या पायांवर विसावले.