गोदामातला पाचवा

वर्धा जिल्ह्यात मला भिववील असं भूत अजून जन्माला यायचं आहे. आता भूत जन्माला येत नाही, मरूनच होते, हे मलाही कळतं. अन् परवा न्हाणीत बेंडूक निघाला तेव्हा ओला टॉवेल गुंडाळून अंगणात कोण पळत आलं, हे तुमच्या आजीला विचारू नका. सातवी नापास माणूस आहे मी. एवढी हिंमत पुरे.

लाइन गेली, साऱ्या बोरगावात अंधार, गच्चीवर गाद्या टाकून झाल्या. पियुष, तो मोबाइल विझव. सपना, तू इंजिनिअर होऊन राह्यली ना, मग चुका काढत बस. रक्षा, तू फक्त घाबर. घरात कोणीतरी घाबरणारं पाहिजे.

...हो.

काही नाही. ऐका.

धीरज म्हणून आमच्या ओळखीचा पोरगा, पुलगावचा. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट. साल दोन हजार पाच, वटपौर्णिमेची रात्र. दिवसभर बायकांनी वडाला दोरे गुंडाळून नवऱ्यांना सात जन्मांसाठी अडकवून टाकलं होतं. अन् दुसऱ्या दिवशी दहावीचा निकाल, इंटरनेटवर.

पुलगावात तेव्हा भैयाजी नावाचे व्यापारी होते. कापसाच्या धंद्यात बुडाले, म्हणून इंटरनेट विकायला लागले. इंटरनेट खातात की पेरतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण रिकामं गोदाम होतं. त्या गोदामाच्या पोटात एक बिनखिडकीची खोली, तिला लोखंडी दार, आत एसी अन् चार सर्व्हर. सर्व्हर म्हणजे असा कॉम्प्युटर, जो साऱ्या गावाला वाढतो अन् स्वतः कधी पाटावर बसत नाही. तुमची आजीच म्हणा. मागच्या निकालाला ते चारही एकदम बसले, कोणाला समजलंसुद्धा नाही, अन् पोरांच्या बापांनी भैयाजींच्या दुकानाच्या काचा फोडल्या. यंदा तसं झालं असतं तर लोकांनी भैयाजी फोडले असते.

म्हणून धीरजला बोलावलं. त्यानं कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर राखणीला बसवला. तो घडीघडीला चौघांना हाक मारायचा: आहेस का? चौघं म्हणायचे: हो. पडद्यावर चौघांच्या चार ओळी अन् वर एक ओळ साऱ्या टोळीची. जागा तो हिरवा. तीन हाकांना जो बोलणार नाही तो लाल. अन् वरची ओळ लाल झाली, की कोपऱ्यातला मॉडेम फोनच्या तारेवरून रेल्वेलाइनीपलीकडं भैयाजींच्या उशाशी फोन वाजवणार.

"भैयाजी, एक जरी पडला तरी फोन गेला पाहिजे," धीरज म्हणाला.

"काऊन? एक पडला तं तीन आहेत ना! मले शुगर आहे, बाबू. झोप मोडली का दिवसभर डोकं चढते. एक जरी ‘हो’ म्हणून राह्यला, तं मले उठवू नको."

"हे बरोबर नाई होत, भैयाजी."

"गोदाम कोणाचं आहे?"

गोदाम भैयाजींचं होतं. धीरजनं तसाच नियम लिहिला. एक जागा, तर सगळे जागे.

हसू नको सपना. मालक ओरडला की तूही लिहिशील.

काम झाल्यावर भैयाजींनी कीबोर्ड अन् माउस पिशवीत घातले. रोज घरी नेत. रात्रीचा चौकीदार तानबा पत्ते खेळतो, असा त्यांना संशय. निघताना म्हणाले, "दाराले दगड लावून ठेवजो. आपटलं का बाहेरून कडी पडते."

तानबा चहा घेऊन आला. खोलीत पाय ठेवेना. उंबऱ्यावरूनच कप पुढं केला अन् पडद्याकडं बघत राहिला.

"हे तं जुनंच काम आहे, साहेब. कापसाच्या दिवसांत या गोदामाले चार कोपऱ्यांवर चार चौकीदार राहत. एक हाक मारे, बाकीचे ‘हो’ म्हणत. तीन हाकांले कोणी बोलला नाई, का सारे कंदील घेऊन धावत."

"अरे वा. मग मी नवीन काय केलं?"

"एका रात्री तिघं लग्नाले गेलते. मालकाले समजू नये म्हणून जयवंता एकटाच चार आवाजात ‘हो’ म्हणत राह्यला. मालकानं घरून ऐकलं अन् निवांत झोपला." तानबानं मान खोलीकडं केली. "मंग कापूस पेटला. जयवंता हिच्यातच होता. कडी बाहेरून पडली."

"ओरडला नाही?"

"ओरडला असन. धावाले कोण होतं?"

धीरज कप हातात धरून उभा. तानबा जाता जाता म्हणाला, "चौकीदार जागा सोडत नसते, साहेब. दुसऱ्यानं येऊन ‘तू पड, मी जागा आहो’ म्हटलं, तवाच सोडते."

...हो. हो.

पाणी दे ग रक्षा. घसा सुकला.

तर धीरज वायरी आवरत होता. शेवटची वायर ओढली अन् टाचेनं दगड सरकला.

दार आलं. धाड्.

बाहेर कडी पडली.

धीरजनं आधी शिवी दिली. मग खांदा लावला. दार लोखंडाचं, खांदा आईनं दूधभात घालून केलेला. मोबाइल काढला, पण त्या भिंतीत टॉवर कुठला! अन् तेवढ्यात लाइन गेली. एसी थांबला. सर्व्हर, राखणीचा कॉम्प्युटर, सारे बॅटरीवर; सर्व्हर गुरगुरत राहिले. चार यंत्रं म्हणजे चार चुली. खोली तापू लागली.

"तानबा!"

काही नाही.

"तानबा! ओ तानबा!"

तानबानं ऐकलं होतं. त्याच्या हिशेबी साहेब केव्हाच घरी गेले होते, अन् त्या खोलीतून, त्या वेळी, बाप्याचा आवाज म्हणजे जयवंताच. त्यानं काठी टाकली, चपला हातात घेतल्या अन् जो पळाला तो पुलगाव स्टेशनवर पोलिसाशेजारी जाऊन बसला. असा आपला राखणदार.

शर्ट भिजला. श्वास आखूड झाला. धीरज खाली बसला, डोकं धरून. मग हसला. तोडगा तर समोरच होता! कीबोर्ड नसला म्हणून काय झालं? चारही सर्व्हरच्या वायरी उपटायच्या. चारही लाल. टोळी लाल. भैयाजींच्या उशाशी फोन. शुगर गेली खड्ड्यात.

पहिली वायर उपटली. दुसरी. तिसरी. चौथी.

गुरगुर थांबली.

हाक गेली. उत्तर नाही. दुसरी गेली. नाही. तिसरी...

चारही ओळी लाल झाल्या.

वरची ओळ हिरवीच.

धीरजनं डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. चार लाल. वर हिरवा. म्हणजे कोणीतरी ‘हो’ म्हणत होतं.

मग त्याला खाली दिसली. पाचवी ओळ.

तिला नाव नव्हतं. नुसता हिरवा ठिपका.

हाक गेली. ठिपका लुकलुकला. हो.

हाक गेली. हो.

वायरी त्याच्या हातात होत्या. चारही. टोकं लोंबत होती. खोलीत दुसरं काही नव्हतं... अन् जळक्या कापसाचा वास कुठून यायला लागला?

एक जागा, तर सगळे जागे. नियम त्यानंच लिहिला होता. भैयाजी निवांत झोपले होते. कोणीतरी मेलेल्या चौघांच्या वतीनं इमानानं ‘हो’ म्हणत होतं, मालकाची झोप मोडू नये म्हणून. अन् ते थांबेपर्यंत हे दार उघडणार नव्हतं.

"बंद कर..." धीरज म्हणाला.

हो.

"बाबा रे... बंद कर."

हो.

तो जमिनीवर आडवा झाला. दाराखालच्या फटीला नाक लावलं. फटीला रबर. हवा नाही. डोळ्यांपुढं काळं येऊ लागलं... अन् त्या काळ्यात उंबऱ्यावरच्या तानबाचं बोलणं आठवलं.

त्यानं मान पडद्याकडं वळवली. मग हळू म्हणाला,

"जयवंता... तू पड. मी जागा आहो."

ठिपका थांबला.

हाक गेली. काही नाही.

हाक गेली. काही नाही.

तिसरी.

पाचवी ओळ पुसली गेली. वरची लाल झाली. कोपऱ्यातला मॉडेम किरकिरला अन् फोन लावू लागला.

भैयाजी लुंगीवर आले, बगलेत कीबोर्डाची पिशवी, तोंडात शिव्या. कडी काढली. धीरज त्यांच्या पायांवर पडला, ते त्यांना फार आवडलं. संस्कारी पोरगा म्हणून वर्षभर गावात सांगत होते. वायरी परत लावल्या. निकाल सुखरूप लागला, जी पोरं नापास व्हायची ती झाली. पाचवी ओळ पुन्हा कधी दिसली नाही.

पण धीरजची झोप गेली. डोळा लागला की कोणीतरी विचारायचं, जागा आहेस का? अन् त्याच्या तोंडातून आपोआप निघायचं, हो. रात्रभर. महिनाभर. शेवटी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा होऊन माझ्याकडं आला. मी गावचा टवाळ, माझ्यापाशी बसलं की लोकांची भीती मरते. मी पोट धरून हसलो. म्हटलं, एवढंच ना, लेका? घे. "तू पड बेटा, मी जागा आहो."

पोरगं तिथंच ओट्यावर आडवं झालं, ते दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला उठलं. आता पुण्यात असतो. बायको म्हणते, घोरतो फार.

...हो.

असो. वीस वर्षं झाली त्याला. मलाही आता पेंग येऊन राह्यली. तुमच्यातलं कोणीतरी म्हणा बरं, नुसतं गमतीनं, "आबाजी, तुम्ही पडा, मी जागा आहो." म्हण ना पियुष. रक्षा, तू म्हण बेटा. काय लागते म्हणायला?

सपना गादीवर उठून बसली.

"आबाजी, तुम्ही मघापासून मधेमधे ‘हो’ म्हणून राह्यले. हाक तं आमच्यातल्या कोणीच नाई मारली."