मोकळा समुद्र

कमलवहिनींच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते आणि परबांच्या घरात त्यांचा हार घालण्याजोगा एक फोटो नव्हता.

ऐकणाऱ्याला हसू येईल, कारण हितेंद्र परबांची काळाचौकीतली खोली फोटोंनीच भरलेली. माझगावच्या गोदीत तीस वर्षं जहाजांचे नकाशे काढले. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून दर रविवारी सकाळी गल्लीतल्या गणपती मंडळाच्या ऑफिसात चारपाच जणांना समुद्राचे फोटो सुधारायला शिकवू लागले. शिकवणं फटकळ, पण मनापासून.

"आधी क्षितिज सरळ करा. समुद्र कलंडला की फोटो बुडाला. आकाशाचा उजेड खाली आणा, खडकांच्या सावल्या उचला. निळा रंग ओतू नका रे, आपला समुद्र खाकी आहे, राहू दे खाकी. आणि शेवटी कचरा काढा. समुद्र कसा मोकळा दिसला पाहिजे!"

कचरा म्हणजे पिशव्या, कावळे, खांब आणि माणसं. त्यांत कमलवहिनीही आल्या. वीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी नवऱ्याबरोबर प्रभादेवीच्या किनाऱ्यावर जायचं, चहाचा थर्मास आणि कॅमेऱ्याची बॅग सांभाळत काळ्या खडकावर बसायचं, हे त्यांचं काम. "अहो, मी मध्ये येतेय का?" असं त्या विचारायच्या. परब कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचे, "बस तिथेच. काढता येतं."

आणि घरी येऊन लॅपटॉपवर खरंच काढायचे. वहिनींवरून ब्रश फिरवायचा, शेजारची लाट त्या जागी चिकटवायची, कडा जुळवायच्या. मग मूळ फोटो उडवून टाकायचा, उगाच जागा खातो म्हणून. वहिनी गेल्या तेव्हा मागे उरला फक्त आधारकार्डावरचा फोटो, आणि तो त्यांचाच आहे हे शपथेवर सांगावं लागलं असतं. परबांना याची लाज वाटायची. पण लाजेपेक्षाही त्यांना कमल हवी होती. एकदा, नीट, चेहऱ्यासकट.

त्या रविवारी वर्ग संपल्यावर प्राची मागे थांबली. बँकेत नोकरी करणारी ही मुलगी त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. सावल्या किती उचलायच्या हे दाखवायला परबांनी लॅपटॉपवर स्वतःचा एक जुना फोटो उघडला. काळा खडक हळूहळू उजळत गेला.

"सर, इथे कुणीतरी बसलंय."

"कुणी नाही. पुसलंय मी ते."

"मग नीट नाही पुसलंत," प्राची हसली. "बाई आहे बघा. पाठमोरी."

परब हसले नाहीत. पुसलेल्या जागेखाली काही उरत नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? मूळ चित्र गेलेलं असतं, तिथे नुसतं शेजारचं पाणी असतं. तरी त्या खडकावर अंबाडा होता, पदर होता, मांडीवर बॅग होती.

घरी येऊन त्यांनी दार लोटलं आणि एकेक फोटो उघडला. सावल्या उचलल्या की प्रत्येकात ती होती. पावसाळ्यातली, थंडीतली, बारीक, मग थोडी सुटलेली. प्रत्येकात पाठमोरी. भरदुपारी खोलीत ओहोटीच्या चिखलाचा वास येऊ लागला होता. घाबरायला हवं होतं, पण परबांना आनंद झाला. वर्षभरात खोलीत त्यांच्याशिवाय दुसरं कुणी पहिल्यांदाच आलं होतं.

"कमल," ते स्क्रीनला म्हणाले, "जरा इकडे बघ ना... एकदाच..."

फोटोतलं कुणी हललं नाही.

गुरुवारी संध्याकाळी ते कॅमेरा घेऊन एकटेच त्या खडकांवर गेले. स्टँड लावला, दहा सेकंदांचा टायमर दाबला आणि तिच्या जागेच्या शेजारी जाऊन बसले. एवढ्या वर्षांत ते कॅमेऱ्याच्या पुढे कधी आले नव्हते. चारचौघांत बायकोच्या खांद्यावर हात ठेवणंही त्यांना कधी जमलं नव्हतं. आज आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी डावा हात लांब करून रिकाम्या हवेत, खांद्याच्या उंचीवर, अलगद धरला.

हाताखाली काहीतरी गार लागलं... ओलं... सुती. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

घरी फोटो उघडला तर सावल्या उचलाव्याही लागल्या नाहीत. कमलवहिनी समोर बघत होत्या. कपाळावरची बट, नाकावरचा तीळ, सगळं स्वच्छ. परबांना रडू फुटलं. डोळे पुसून त्यांनी लगेच तो प्राचीला पाठवला.

तिचा फोन आला. "सर, काकी काय गोड आल्यात! पण शेजारून कुणाला काढलंत? तीच लाट दोनदा आलीय, कळतंय."

परबांनी फोटोत वहिनींच्या शेजारी पाहिलं. ते बसले होते तिथे समुद्र होता. मोकळा. एकच लाट, तिच्या बाजूला पुन्हा तीच लाट. वहिनींच्या खांद्यावर मात्र हात उरला होता. चार बोटं, अंगठा, मनगटावर गोदीतून मिळालेलं घड्याळ. त्यापुढे पाणी.

"मी काहीच केलेलं नाही, प्राची..." ते म्हणाले. दुरुस्त्यांची यादी कोरी होती.

असा हात श्राद्धाला टांगायचा कसा? सवयीने त्यांनी ब्रश घेतला आणि करंगळीच्या टोकावर टेकवला. त्यांची डावी करंगळी नखापासून सुन्न झाली. त्यांनी ब्रश सोडून दिला. वीस वर्षं दर रविवारी हिला असंच होत असेल, हे त्यांना तेव्हा कळलं.

"चुकलो गं," ते म्हणाले. वहिनी समोर बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं.

सोमवारी श्राद्ध झालं. फोटो हातासकट फ्रेम करून भिंतीवर लागला. वहिनींची थोरली बहीण गंगुबाई हार सारखा करता करता थबकली.

"भावजी, ह्यो हात कोणाचो?"

"माझा."

"मगे तुमी खंय?"

परब पानं वाढायला वळले. गंगुबाईंनी जेवण खाली मान घालून संपवलं आणि लवकरच निघाल्या.

दुपारी सगळे गेले. परबांनी चहा केला आणि कप घेऊन फोटोसमोर बसले. वास पुन्हा येत होता. हाराखाली वहिनींचा खांदा दिसत होता. त्यावर आता घड्याळ नव्हतं. अंगठा नव्हता. बोटं तीन होती, आणि तिसऱ्याच्या जागी पदराची वीण धाग्याला धागा जुळवत येत होती. घाई कुठेच नव्हती. कडा फार सुंदर जुळल्या होत्या, त्यांना स्वतःला कधी जमल्या नव्हत्या इतक्या.

कप खाली पडून फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला. तो त्यांनी डाव्या हातात धरला होता. परबांनी खाली पाहिलं नाही.