वीतभर जास्त

"दार ठोठावताय की लाकूड?"

मी दचकलेच. पालथ्या घातलेल्या होडीखालून आधी एक हात बाहेर आला, मग भुशाने माखलेले केस... आणि मग हसू. हसू सगळ्यात शेवटी आलं, पण आलं ते मुक्कामाला आल्यासारखं.

"लाकूड," मी म्हटलं. "पोकळ आहे का बघतेय."

"मग, काय म्हणालं?"

"अजून बोललं नाही. तुमच्यासारखं आगाऊ नसेल."

नदीकाठच्या त्या शेडमध्ये तो होड्या बांधायचा. एक जुनी होडी मोडीत निघाली आहे, तिच्या सागवानी फळ्या विकायच्या आहेत, असं कानावर आलं होतं. मी पर्समधून मासिकाचं घडी घातलेलं पान काढलं. एका थाई रिसॉर्टचा फोटो होता. बुटका, ऐसपैस लाकडी दिवाण. त्यावर त्रिकोणी लोड, मागे केळीची रुंद पानं, वेताचा दिवा आणि दगडी भांड्यात एकच कमळ.

"असा दिवाण हवाय. माझ्या घरात."

"रिसॉर्ट काढताय?"

"नाही. आईला आणतेय."

त्याचं हसू जरा निवलं. "बसा," तो म्हणाला. "नीट सांगा."

सांगण्यासारखं फार नव्हतंच. मी दातांच्या कवळ्या बनवते. आई दातांसाठी आमच्या दवाखान्यात आली होती, तेव्हा बाहेरच्या खोलीत ते मासिक तिच्या हाती लागलं. कितीतरी वेळ ती त्याच पानावर होती. मग हळूच म्हणाली, "इथं लोक नुसते बसतात?" मी हो म्हटलं. तर म्हणते, "मग काम कोण करतं?"

दादाकडे आईला कुणी काही बोलत नाही. पण तिला बसलेली मी कधी पाहिलेलीच नाही. माझ्याकडे ये म्हटलं की, "तुझ्या एवढ्याशा घरात माझी अडगळ कशाला?" शेवटी हो-नाही करत कबूल झाली. तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी येणार, चार दिवस राहणार. आवडलं तर कायमची. नाही आवडलं तर मी पुन्हा विषय काढायचा नाही.

"म्हणजे तिला घरात पाऊल टाकताच बसावंसं वाटलं पाहिजे," मी म्हटलं. "आणि मी ते करणार. तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्याकडून करून घेईन."

"अहो, नाही कोण म्हणतंय?" कानामागची पेन्सिल काढत तो म्हणाला. "माप बोला. किती माणसांचं?"

"दोघींचं."

त्याने माप लिहिलं. मग पुन्हा विचारलं, "दोघींचंच?"

"दोघींचंच," मी ठासून सांगितलं.

मग माझ्या संध्याकाळी नदीकडे वळू लागल्या. घरी मी एकटीनेच भिंतींना ओल्या वाळूचा रंग दिला, खिडक्यांना बांबूच्या चिकाचे पडदे लावले, बाल्कनीत चाफा आणि गवती चहाच्या कुंड्या मांडल्या. हातांना रंग तसाच घेऊन शेडवर जायचे. तो रंधा मारायचा, मी लाकडाला तेल चोळायचे. कधी दोघांची फडकी एकाच फळीवर यायची... आणि दोघंही उगाच दुसऱ्याच फळीकडे बघायचो.

"माझे दात कसे आहेत हो?" एकदा त्याने विचारलं.

"कामापेक्षा जास्त दिसतात."

"मग माझी कवळी करायला अजून अवकाश आहे म्हणायचा."

"फार बोललात तर लवकरही लागेल!"

शनिवारी दिवाण आला. आणि पहिल्याच वळणावर जिन्यात अडकला. आडवा केला, उभा केला, तिरका केला... छे! शेजारच्या काकांनी वरून आवाज दिला, "तेल लावा!" मी रडकुंडीला आले होते.

"जिना मी स्वतः मोजला होता. कवळीत केसभर चूक झाली तर माणूस उपाशी राहतो हो. माझं माप चुकलं कसं?"

"तुमचं नाही चुकलं," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "चूक माझी आहे. होड्या कधी जिना चढत नाहीत... माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

"मग सुटा करा."

"एकही खिळा नाही यात. लाकडाच्या खुंट्या ठोकून सांधलाय. आता कापला तरच सुटेल."

"कापायला हात तर लावून बघा!" मी डोळे पुसले. "अख्खाच वर जाणार. जिन्यातून नाही तर बाल्कनीतून. तुम्ही होडी पाण्यातून ओढून काढता ना? मग तिसरा मजला काय लांब आहे?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "बाईसाहेब, तुम्हाला नाही म्हणणारा अजून जन्मायचाय."

रविवारी सकाळी गच्चीवर तुळई बसली, कप्पी लागली. मी बाल्कनीत, दिवाण भिंतीवर आपटू नये म्हणून बांधलेली दोरी धरून. खाली तो आणि शेजारचे काका जाड दोर ओढत होते. दिवाण दुसऱ्या मजल्यावर पोचला, तेवढ्यात वाऱ्यामुळे त्याने गिरकी घेतली आणि खालून ओळखीचा आवाज आला—

"ठके! हे काय टांगलंयस?"

आई! दुपारची गाडी सोडून सकाळच्याच गाडीने आली होती.

"तुझी बसायची जागा!"

"मी एवढ्या उंचावर बसणार?" मग तिने दोरवाल्याकडे पाहिलं. "आणि हा कोण?"

"नमस्कार, काकू," तो धापा टाकत म्हणाला. "हात जोडता येत नाहीत. सोडले तर तुमची जागा खाली येईल."

आईने पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि त्याच्या मागे दोर धरला. "हसतोस काय? ओढ!" आणि ओढीला ताल धरत तिने चक्क गळा मोकळा केला—

"होडी चढते गं माडी, तिला वल्हं ना वारा,
दोर धरला खाली कुणी, जीव टांगला वर सारा!"

मी दोरी आणखी घट्ट धरली. दिवाणासाठीच... असं मी स्वतःला सांगितलं. आणि दिवाण अलगद कठडा ओलांडून आत आला.

आई घरभर फिरली. चिकाच्या पडद्यांतून झिरपणारं ऊन, वेताचा दिवा, दगडी भांड्यातलं कमळ. हात कशालाच लावला नाही. "झाडू कुठाय गं?"

"आई, बस."

ती दिवाणाच्या कडेला टेकली, परक्या घरी टेकावं तशी. मग एक पाय वर घेतला. मग दुसरा. हळूच लोडाला पाठ लागली... आणि डोळे मिटले. गवती चहाचा वास घेऊन वारा आत आला. तोही वर येऊन दारात थांबला होता.

"इथं काम कोण करतं?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"आणि मी," दारातून आवाज आला.

आईचा एक डोळा उघडला. "ऐसपैस केलायस रे. तिघं बसतील की!"

तिघं? मी टेप आणली. मापलं. पुन्हा मापलं. माझ्या मापापेक्षा वीतभर जास्त!

"माझ्या मापाने केला असता तर..."

"जिन्यातून सहज आला असता," तो खाली मान घालून म्हणाला.

"मग वाढवला कशाला?"

"दोघींचंच माप दिलंत ना..." त्याने मान वर केली. "मग मी कुठं बसलो असतो?"

मी टेप उगाच पुन्हा गुंडाळू लागले.

"ठके," आई डोळे मिटूनच म्हणाली, "पिशवी खालीच राहिली बघ. तिच्यात चार दिवसांचेच कपडे आहेत. उरलेले दादाकडून मागवून घे."

तो पिशवी आणायला वळला. मी त्याची बाही धरली. "पिशवी मी आणते. तुम्ही बसा" म्हणणार होते. तोंडून निघालं—

"बस ना... जरा."

वीतभर जागेत अख्खा माणूस मावत नाही. मापांच्या बाबतीत माझी कधी चूक होत नाही.

तो बसला. आणि मावला.