बाहीवरचं फावडं

तालीम संपली तरी पोरं बेसमेंटमध्ये रेंगाळत होती. देवांगने नाटकासाठी ऑनलाइन शोधलेल्या जुन्या जर्मन कोटाचा फोटो दाखवला आणि श्रीरामकाका भडकलेच.

"ऑर्डर केलास? आधी कॅन्सल कर. मग सांगतो." आणि काका सांगू लागले:

आपल्या इथल्या, ट्रॉय गावातल्याच प्रल्हादची गोष्ट आहे. गेल्या वर्षीची कोजागिरीची रात्र. मंडळाच्या नाटकात त्याचा मुलगा कुश फॉरेस्ट गार्ड होणार होता आणि कपडे जमवायचं काम प्रल्हादकडे होतं. कोणा म्हाताऱ्याच्या घरातलं सामान तो गेल्यावर विकायला काढलं होतं, तिथे याला तपकिरी कोट मिळाला. बाहीवर फावड्याचा बिल्ला. याला वाटलं, बागखात्याचा असेल. आपल्या माणसाला फावडं दिसलं की माळीच आठवणार.

कुशने मात्र शाळेत वाचलं होतं. "बाबा, धिस इज नाझी. लेबर सर्व्हिस. आय अ‍ॅम नॉट वेअरिंग इट."

बिल्ल्याखाली नाझी स्वस्तिकाचा पट्टा उसवल्याच्या खुणा होत्या. म्हणजे विकणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. हरामखोराने तेवढं चिन्ह काढलं आणि कोट हसत हसत याच्या गळ्यात मारला. त्या राज्यात कोवळ्या पोरांच्या अंगावर हा गणवेश चढवायचे, हातात फावडं द्यायचे आणि हुकूम सुटला की खणायला लावायचे. असल्या कपड्यांची हौस करणाऱ्यांना पाहिलं की माझं डोकं फिरतं. पण प्रल्हादवरही माझा तेवढाच राग आहे. पोरगं नको म्हणत होतं आणि हा म्हणाला, "एका सीनपुरता तर आहे. उद्या शो आहे, आता दुसरा कुठून आणू? मुकाट्याने घाल."

कुशने कोट दारामागे लटकवला. चंद्राला नैवेद्य दाखवून सगळे मसाला दूध प्यायले आणि झोपले.

मध्यरात्रीनंतर प्रल्हादला जाग आली. मागच्या अंगणात कोणीतरी खणत होतं. खच्... खच्... एका ठेक्यात, कवायत केल्यासारखं.

कुशची खोली रिकामी. दारामागे कोट नव्हता.

चांदण्यात कुश खणत होता. कोट अंगात. गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. डोळे उघडे... पण बघत नव्हते. खड्डा कमरेइतका झाला होता.

"कुश."

खच्...

"कुश, बाबा आहे रे..."

पोर थांबलं. हळूच मान वळवली. प्रल्हादकडे नाही. त्याच्या मागे. पुढच्या हुकमाची वाट पाहत असल्यासारखं.

मागे कोणी नव्हतं...

मग मात्र प्रल्हादचं टाळकं सरकलं. "माझं पोर आहे हे," तो त्या रिकाम्या अंगणावर ओरडला. "तुझ्या बापाचा नोकर नाही." त्याने खड्ड्यात उडी घेतली, कोट टराटरा फाडून काढला आणि पोराला उचलून घरात आणलं. कोट बार्बेक्यूच्या ग्रिलमध्ये कोंबून जाळला. त्याच्या बायकोने, विनीताने, सगळी दारं लावली. कुशला मध्ये घेऊन दोघं उजाडेपर्यंत बसली. कोणी जागचं हललं नाही.

सकाळी प्रल्हाद खड्डा बुजवायला गेला.

अंगणात दोन खड्डे होते.

पहिल्यात कुश आडवा मावला असता. दुसरा, त्याला लागूनच... प्रल्हादच्या उंचीइतका लांब.