वादळाने हलवलेली पाटी

"आउट!" शार्दूल ओरडला.

"नो वे! बॉल मनोऱ्याच्या भिंतीला लागला, म्हणजे फोर!" निनाद बॅट सोडायला तयार नव्हता.

आभाचं मात्र आपल्या धाकट्या भावाकडे, निनादकडे आणि त्याच्या मित्राकडे, शार्दूलकडे लक्षच नव्हतं. डिसेंबरची सुट्टी लागली होती आणि दुबईच्या देरा भागातल्या खाडीजवळच्या या गल्लीत हे भांडण रोजचंच होतं. ती बघत होती वाऱ्याच्या मनोऱ्याच्या घराकडे. वीज नव्हती त्या काळात उंचावरचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारा तो चौकोनी मनोरा! अख्खा मोहल्ला त्याच्यावरूनच पत्ता सांगायचा. दुबईत नवीनच आलेली असताना आभा एकदा मासळीबाजारातून येताना हरवली होती. रडकुंडीला आली, तेवढ्यात गच्च्यांच्या वर हा मनोरा दिसला आणि तिच्या जिवात जीव आला.

आज त्याच घराच्या दारावर पिवळी पाटी लटकत होती : 'पाडकाम. दूर राहा.'

"ए, ही पाटी तर पलीकडच्या तडकलेल्या गोदामावर होती ना?" आभाने विचारलं.

"परवा केवढं वाळूचं वादळ झालं! उडाली असेल," शार्दूल म्हणाला. "मग कुणीतरी उचलली आणि दिसेल तिथे अडकवली!"

गल्लीच्या तोंडाशी जेसीबी येऊन उभा होता. आभा धावत पाडकामाच्या सुपरवायझरकडे, खैरुद्दीनकडे गेली. "अंकल, ये गलत घर है!"

"बोर्ड इसी पे है ना? तो यही है!" त्याने मान वर करून घराकडे पाहिलंसुद्धा नाही. "खाना खाके यल्ला, चलो, तोड़ के खलास! जाओ, खेलो."

आभा मुलांकडे परतली. बाबा कामाला दूर अबू धाबीजवळच्या मुसफ्फात, आई ऑफिसात. सांगायचं तरी कुणाला?

"ताई!" निनाद एकदम उडालाच. "गोदामाच्या दारात बसलेल्या मांजरीचा मी फोटो काढलाय. वादळाच्या आधी! पाटी त्यात आली असणार!"

"कॅमेऱ्यातला रोल दे!"

"अजून संपला नाहीये. बर्थडेसाठी ठेवलाय..."

"निनाद!"

"ओके, ओके!" त्याने धावत जाऊन घरून कॅमेरा आणला आणि कबुतरांचे, शार्दूलच्या नाकाचे आणि स्वतःच्या बुटांचे फटाफट फोटो काढून रोल संपवला.

"मी रोल धुऊन आणायला स्टुडिओत जाते. तोवर जेसीबी अडवा!"

"कसा?"

"तुम्हाला दिवसभर भांडता येतं ना? तेच करा!"

तासाभराने पाकीट घेऊन आभा धापा टाकत परतली. बघते तो काय! खैरुद्दीन ओरडत होता, जेसीबीचा ड्रायव्हर मोहिद्दीन गुडघे टेकून दाराखाली वाकून बघत होता आणि शार्दूल हात जोडून म्हणत होता, "अंकल, प्लीज! नया बॉल है! अंदर गया है!" निनादचा खिसा मात्र बॉलने टम्म फुगलेला दिसत होता.

आभाने फोटो खैरुद्दीनसमोर धरला. गोदामाच्या दारात आळस देणारी मांजर आणि तिच्या डोक्यावर पिवळी पाटी!

खैरुद्दीनचा चेहरा पडला. त्याने मोबाइल काढून फोन लावला. थोड्या वेळात पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले इंजिनिअरसाहेब आले. त्यांनी फोटो पाहिला, गोदाम पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे घर तर आम्ही दुरुस्त करणार आहोत!" ते इंग्रजीत म्हणाले. "खैरुद्दीन, पाडण्याआधी मला एक फोन करायचा होतास!"

"गलती हो गई, साहब," खैरुद्दीन पुटपुटला. मग आभाकडे वळला. "बेटी, तेरी बात सुननी चाहिए थी."

संध्याकाळी आईबाबांनाही बोलावणं आलं. सगळी हकीकत ऐकून बाबा म्हणाले, "मला वाटायचं, सुट्टीत तुम्ही नुसते उंडारता! शाब्बास रे पोरांनो!"

इंजिनिअरसाहेबांनी कुलूप उघडलं. "घर नीट झालं की शाळेतली मुलं बघायला येतील. पण आत जायचा पहिला मान तुमचा. यल्ला, हबीबी! चला, दोस्तांनो!"

आत अंधार होता, धुळीचा वास होता. तिघं मनोऱ्याच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा काहीच जाणवलं नाही. मग खाडीवरचा गार वारा वरून सळसळत उतरला आणि आभाचे केस भुरभुरू लागले.

"एसी!" निनाद किंचाळला, आणि सगळे खो खो हसत सुटले.